धक्क्याच्या शंभर हात अलीकडे

2015 च्या दसऱ्याला मी दाभोळच्या खाडीत स्वतःची बोट उतरवली. अठरा फुटी, फायबरची, मागच्या फळीवर दहा अश्वशक्तीच्या आतलं इंजिन. शाळेची नोकरी संपवून गावी परतलेल्या माणसाला खाडीत हिंडायला तेवढी पुरे. बोट चालवणं पहिल्याच हंगामात अंगवळणी पडलं. अंजनवेलच्या टोकाकडे जाताना लाटेला नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, द्यायची, पाण्याच्या रंगावरून तळ ओळखायचा, दुपारी वारा सुटायच्या आत तोंड फिरवायचं, हे सगळं मी आवडीने शिकलो. पण परतताना धक्का दिसू लागला की तोंडाला कोरड पडायची. इंजिनावरचा हात ताठ व्हायचा. कधी कधी तर आदल्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या उद्याची बोट धक्क्याला कशी लागेल याचाच घोर लागायचा. ही धास्ती जायला पुढची कितीतरी वर्षं लागली. त्या वर्षांचा हा मागोवा घेतो आहे, कारण खाडीकाठी नव्याने बोट घेणारी मंडळी आता वाढली आहेत आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला तीच धास्ती दिसते.

पहिली गोष्ट, ही धास्ती खोटी नसते. बोटीला ब्रेक नसतो. माणूस चालतो त्या वेगाने येणारी अर्ध्या टनाची बोट हाताने थोपवता येत नाही, आणि धक्का असतो दगडाचा किंवा काँक्रीटचा, कालवांनी खरखरीत झालेला. बोट आणि धक्का यांच्यामध्ये सापडलेला हात कायमचा अधू होऊ शकतो. मोकळ्या पाण्यात चूक निस्तरायला जागा असते, इथे ती हातभरसुद्धा नसते. 2009-10 मध्ये दिलीप दोंदे ‘म्हादेई’ ही छप्पन फुटी शिडाची बोट घेऊन एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्याबद्दल वाचताना मला समुद्राइतकंच कुतूहल त्या चार बंदरांचं वाटे, जिथे ते मध्ये थांबले होते. महासागर ओलांडून आलेल्या माणसालाही शेवटी अरुंद जागेत, लोकांच्या देखत, बोट उभी करावीच लागते.

आमच्या कोकणात तर किनाऱ्याला लागण्याची भीती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मुंबईहून निघालेली कोकणची आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत खाली जायची तेव्हा बहुतेक ठिकाणी ती किनाऱ्यापासून दूरच उभी राहायची. उतारू पडावात उतरायचे, पडाव वर-खाली होत असताना पाऊल टाकायचं, आणि पुढे पाणी उथळ झालं की खलाशाच्या खांद्यावर बसून वाळूला लागायचं. माझी आजी म्हातारपणीही त्या पावलाची गोष्ट सांगताना पदर घट्ट धरायची. 17 जुलै 1947 ला ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसला जाताना काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर कोकणातल्या घराघरांत बोटीचं नाव काढलं की बायका देवाला हात जोडत. मला वाटतं, धक्का जवळ आला की जो धडधडाट होतो त्यात ह्या ऐकलेल्या गोष्टींचाही वाटा असतो.

पहिले दोन हंगाम मी ही भीती नुसती टाळली. पाणी उभं, म्हणजे ना भरती ना ओहोटी, असेल त्याच वेळी परतायचं, धक्क्यावर मासळीच्या होड्या नसतील अशी वेळ गाठायची, वारा वाढला की जायचंच नाही. त्याने दिवस सुखाचे गेले, पण भीती होती तिथेच राहिली. मग एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, मला हटकलं. त्याचं सगळं आयुष्य ह्याच खाडीत गेलेलं. तो म्हणाला, “गुरुजी, तुम्ही सारखे धक्क्याकडे बघता. धक्का कुठे पळून जाणाराय? पाण्याकडे बघा.” मग त्याने सांगितलं, एक दिवस बोट न घेता या आणि पूर्ण ओहोटी होईस्तोवर धक्क्यावर बसून राहा.

मी बसलो. दाभोळ ते धोपावे अशी गाड्या नेणारी फेरीबोट इथे 2003 पासून चालते. ती मी पूर्वी असंख्य वेळा पाहिली होती, तिच्यातून गेलो होतो, पण ती काय करते हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ओहोटीच्या वेळी ती समोरच्या काठाच्या रोखाने सरळ निघत नाही. तिचं तोंड ओढीच्या विरुद्ध बाजूला कललेलं असतं आणि ती तिरकी सरकत बरोबर उतारावर येते. म्हणजे काठाला लागण्याचं सगळं काम चालकाने खाडीच्या मध्यावरच उरकलेलं असतं. शेवटच्या काही हातांत तो जवळजवळ काहीच करत नाही. माझ्या भीतीचं मूळ मला तिथे सापडलं. मी सगळे निर्णय शेवटच्या दहा हातांत घ्यायला बघत होतो, जिथे निर्णय घ्यायला वेळच नसतो.

त्या दिवसापासून मी शंभर हात अलीकडे थांबायला लागलो. इंजिन न्यूट्रलला टाकायचं आणि बोट आपोआप कुठे वाहते ते पाहायचं. अर्ध्या मिनिटात कळतं, आज कोण जास्त जोरात आहे, पाणी की वारा. आमच्या खाडीत हा प्रश्न फार खरा आहे. खाडी पश्चिमेला समुद्राला मिळते. दुपारी खारा वारा पश्चिमेकडून आत घुसतो आणि ओहोटीचं पाणी पश्चिमेकडे बाहेर जात असतं. दोघे समोरासमोर. नियम असा की ज्याचा जोर जास्त त्याच्याकडे तोंड करून धक्क्याला यायचं, म्हणजे तोच आपला ब्रेक होतो. पण जोर बोटीगणिक बदलतो. खोल बुडाची, भरलेली मच्छीमार नौका पाण्याचं ऐकते. माझी हलकी फायबरची बोट वाऱ्याचं ऐकते, कारण तिचं निम्म्याहून जास्त अंग पाण्याच्या वर असतं. शिवाय इंजिनाचं वजन मागे, त्यामुळे नाळ हलकी आणि वारा आधी तीच उडवतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो हे मी वर्गात शिकवलं होतं. त्याचा अर्थ मला धक्क्यापाशी कळला.

इथे जुन्या माणसांचा हिशेब कामी आला. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. आता ह्यात वारा मिसळून बघा. अष्टमीला दुपारी भरती चढत असते, म्हणजे पाणीही पश्चिमेकडून आणि वाराही पश्चिमेकडून. त्यातून तो भांगाचा दिवस, ओढ कमी. पश्चिमेला तोंड करून निवांत या. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, आणि नेमक्या दुपारीच ओहोटी ऐन जोरात, वर समोरून खारा वारा. पहिल्या दोन वर्षांतल्या माझ्या बहुतेक वाईट दुपारी ह्याच तिथींच्या आसपासच्या होत्या. मी त्यांना वाईट नशीब समजत होतो, आणि त्या कालनिर्णयावर आधीच छापलेल्या होत्या! मुंबईकडे उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, गोव्याकडे भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास येतो, आम्ही मधले. पण एवढ्या फरकातही धक्क्याची सकाळी पायाखाली असलेली पायरी संध्याकाळी डोक्याच्या वर असते. दोर किती लांब सोडायचा हे त्यावरच ठरतं.

तिसऱ्या हंगामात सराव सुरू केला, धक्क्यावर नाही, मोकळ्या पाण्यात. प्लास्टिकचा रिकामा कॅन, त्याला दोर आणि खाली दगड. त्या कॅनला धक्का मानायचं आणि तो हाताला लागेल असं, बोट उभी राहील असं थांबायचं. कॅनला आपटलं तर काही फुटत नाही आणि कोणी बघतही नाही. तिथे मला माझी बोट कळली. रिक्षा पुढच्या चाकाने वळते आणि मागचा भाग तिच्यामागून येतो. बोट मागून वळते. नाळ डावीकडे न्यायची तर बूड, म्हणजे मागचा भाग, आधी उजवीकडे झुकतं, म्हणून नजर पुढे लावून बसलं तर मागचा कोपरा धक्क्यावर घासतो. मागे इंजिन असलेल्या बोटीला वेगळं सुकाणू नसतं. न्यूट्रलला टाकली की वळवण्याची ताकदच जाते. म्हणून थोडा गिअर, मग न्यूट्रल, पुन्हा थोडा गिअर, असं यायचं. तिरकं यायचं, नाळ जवळ आली की इंजिनाचं तोंड धक्क्याकडे वळवून हलकासा रिव्हर्स द्यायचा. बोट थांबते आणि तिचं बूडही धक्क्याकडे ओढलं जातं. हे पहिल्यांदा साधलं तेव्हा झालेला आनंद मी विसरणार नाही. आतल्या इंजिनाच्या नौकांची तऱ्हा वेगळी. त्यांचा पंखा उजवीकडे फिरणारा असेल तर रिव्हर्समध्ये बूड डावीकडे ओढलं जातं. मग जाणते तांडेल शक्यतो डावी बाजूच धक्क्याला का देतात हेही उमगलं.

दोराचं शास्त्र मात्र एकट्याने शिकता आलं नाही. सुट्टीत येणारी पुतणी माझ्याबरोबर असायची. सुरुवातीला आम्ही दोघंही धक्क्यापाशी एकदम ओरडायचो आणि वरून चार जण “टाक दोर, टाक दोर!” करायचे. धक्क्यावरची माणसं मदतीलाच धावतात, आणि भलेपणाने नाळेचा दोर जोरात ओढतात. नाळ आत येते, बूड बाहेर जातं आणि बोट आडवी होते. म्हणून आम्ही ठरवलं, पहिला दोर मधल्या खिळ्याचा. तो मागच्या बाजूच्या खुंटाला एक वेढा देऊन धरायचा आणि इंजिन अगदी हळू पुढे चालू ठेवायचं. तेवढ्याने बोट धक्क्याला चिकटून राहते, नाळेचे आणि बुडाचे दोर मग सावकाश बांधता येतात. वरच्या माणसाला आधीच सांगायचं, “काका, ओढू नका, नुसता वेढा द्या.” आणि जुने टायर धक्क्याच्या शंभर हात अलीकडेच लटकवून ठेवायचे. पुतणीला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: उडी मारायची नाही आणि हाताने किंवा पायाने बोट अडवायची नाही. बोटीला ओरखडा पडला तर पडू दे, फायबर दुरुस्त होतं.

मला सगळ्यात उशिरा जमलं ते परत फिरणं. बोट नीट येत नाहीये हे शंभर हातांवरच दिसतं, पण धक्क्यावर डोळे असतात आणि इतक्या जवळ येऊन मागे कसं वळायचं असं मन म्हणतं. मी खाडीतल्या जाणत्या माणसांकडे लक्ष देऊन पाहिलं. ती दोनदा, तीनदा वळून येतात आणि कोणी काही म्हणत नाही. त्यानंतर मी निघण्याआधीच परतीची वाट ठरवू लागलो: नाही जमलं तर कोणत्या बाजूला वळायचं, तिकडे पाणी किती आहे, कोणाची बोट उभी आहे. ही वाट डोक्यात पक्की असली की छातीतली धडधड अर्ध्यावर येते, हा माझा पक्का अनुभव आहे.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा बोट झापांनी शाकारून माडाखाली होती आणि वाचली, आमच्या तालुक्यातल्या बागा मात्र आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी जुलैत ह्याच खाडीत उतरणाऱ्या वाशिष्ठी नदीने चिपळूण बुडवलं. त्या पावसानंतर खाडीत ओंडके वाहत आले, काही ठिकाणी गाळ चढला, आणि मला धक्क्याजवळचं पाणी काठीने मोजत पुन्हा शिकावं लागलं. तशी दर वर्षी थोडी उजळणी लागतेच. पावसाळ्याचे चार महिने बोट जमिनीवर गेली की हात विसरतो आणि दसऱ्यानंतरच्या पहिल्या फेरीला जुनी धास्ती पुन्हा येते. पूर्वी तिच्या येण्यानेच मी खचायचो. आता पहिले काही दिवस सरळ कॅनकडे जातो.

एक परिस्थिती आजही मला अवघड जाते. उधाणाची दुपार, समोरून वारा, आणि धक्क्याला होड्या एकीला एक लावून तीन ओळींत उभ्या. अशा वेळी लागायचं ते दगडाला नव्हे, दुसऱ्याच्या होडीला, आणि तिच्यावर माणसं जाळी निवडत बसलेली असतात. तिथे मी प्रयत्न करत नाही. धोपाव्याच्या बाजूला, फेरीबोटीचा मार्ग सोडून नांगर टाकतो, घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगतो आणि ओढ उतरेपर्यंत थांबतो. सांजावलं की वारा पडतो, पाणी उभं राहतं. परवाही तसाच थांबलो होतो. तो तांडेल शेजारून जाताना होडी हळू करून म्हणाला, “गुरुजी, सहाला पाणी वळेल, तेव्हा या. मी दोर घेतो.”