दाभोळची जंगल जेट्टी

दापोली आणि गुहागर हे शेजारचे तालुके, मधे वाशिष्ठीची खाडी. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की पैलतीरावरचं धोपावे समोरच दिसतं. पण गाडी घेऊन तिथं जायचं तर पूर्वी खेड, चिपळूण करत शंभरावर किलोमीटरचा वळसा पडे. माणसं होडीतून पलीकडे जात. स्कूटर, आंब्याच्या पेट्या भरलेला टेम्पो किंवा आजाऱ्याला घेऊन निघालेली गाडी मात्र होडीत चढत नसे. 2003 साली दाभोळच्या मोकल कुटुंबाच्या सुवर्णदुर्ग शिपिंग कंपनीनं या खाडीत गाड्या नेणारी बोट आणली. लोक तिला जंगल जेट्टी म्हणतात, आणि ती दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे पोचते.

मी राहतो रायपूरजवळच्या उरल्यात, रोलिंग मिलच्या खडखडाटात. तिथं नदी ओलांडायची तर पूल असतोच. त्यामुळे इकडे गावी आलो की मी या बोटीवर वरच्या बाकड्यांवर जात नाही, खाली गाड्यांजवळ थांबतो. खरं काम तिथं चालतं.

बोट सपाट बुडाची. पुढे लोखंडी झडप, तारेच्या दोरावर वरखाली होणारी. धक्का म्हणजे पाण्यात उतरत गेलेला सिमेंटचा उतार. इथं समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. उधाणाला पाण्याच्या पातळीत दोन-अडीच मीटरचा फरक पडतो. म्हणून झडप रोज एकाच जागी टेकत नाही. भरतीला ती उताराच्या वरच्या अंगाला लागते, सुकतीला पार खाली, शेवाळलेल्या भागावर. तिथं दुचाकीवाल्यानं ब्रेक जोरात दाबला की चाक घसरलंच. खलाशी तिथं आधीच उभा असतो, एक हात मागच्या कॅरिअरला लावून.

झडप टेकली तरी इंजिन चालूच असतं. बोटीला पुढची चाल देऊन उताराशी दाबून धरावं लागतं, नाहीतर पाण्याची ओढ तिला बाजूला नेते. तोवर गाड्या चढतात. ट्रक मधोमध, मोटारी दोन्ही अंगांना, उरलेल्या फटींत दुचाक्या. हा हिशेब कागदावर नसतो. खलाशी हातानं खुणा करत राहतो, आरसे एकमेकांना घासायच्या बेतात असताना ‘बस्स’ म्हणतो, आणि बोट एका बाजूला कलंडत नाही. या कौशल्याला आपण फार कमी मान देतो असं मला वाटतं. मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट 17 जुलै 1947 रोजी खवळलेल्या समुद्रात उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. कोकणातल्या जुन्या माणसांना त्यामुळे बोटीचा तोल हा विषय वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावर तिथी पुरते. तिथीची पाऊणपट केली की साधारण किती वाजता पूर्ण भरती, ते कळतं: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी. बोट चालवणाऱ्या तांडेलाजवळ भरती-ओहोटीचं छापील कोष्टक असतंच, पण खाडीकाठच्या घरांत हा हिशेब आजही तोंडपाठ आहे. पावसाळ्यात वाशिष्ठी चिपळूणकडून आणि जगबुडी खेडकडून गढूळ लोंढे आणते. पूर आणि ओहोटी एकाच दिशेला ओढू लागले की बोट नाकासमोर नेऊन भागत नाही. तांडेल ती ओढीच्या वरच्या अंगानं तिरकी घालतो, म्हणजे पलीकडे पोचेपर्यंत ती बरोबर उताराशी येते.

दाभोळ हे बहामनी काळापासूनचं बंदर, इथं घोडे उतरत आणि इथून कापड परदेशी जाई. पुढे मुंबईच्या आगबोटी थांबू लागल्या, त्याही रस्ते झाल्यावर बंद पडल्या. बंदराला पुन्हा रोजची वर्दळ मिळाली ती या जंगल जेट्टीमुळे. लग्नाचं वऱ्हाड, मासळीचा टेम्पो, गुहागरला बदली झालेले शिक्षक, चाकरमान्यांच्या गणपतीतल्या गाड्या, सगळे त्याच रांगेत. याच धर्तीवर वेसवी-बागमांडला, तवसाळ-जयगड, आगरदांडा-दिघी या खाड्याही जोडल्या गेल्या.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गात दाभोळच्या खाडीवर पूल धरलेला आहे. तो व्हावाच, रात्री अपरात्री दवाखान्यात जाणाऱ्यांना तो हवा. पण तो होईल त्या दिवशी या खलाशांचं काय, हे आत्ताच ठरवायला हवं. एक वाट दिसते: फेब्रुवारी 2024 मध्ये वसई-भाईंदर बोट सुरू झाली, तीही याच कंपनीची. तिकडेही खाडी भरते-ओसरते, आणि तिकडेही झडप कुठं टेकवायची हे माहीत असलेली माणसं लागतात.