दोन मीटरचा पोरगा

हॅरी मॅके आणि बेन मॅके हे जुळे भाऊ. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात गिप्सलँड भागात वाढले, गिप्सलँड पॉवर या तिथल्याच कुमारसंघातून खेळले. दोघेही उंचीनं दोन मीटरच्या घरात. 2015 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांच्या वार्षिक खेळाडूनिवडीत, कार्लटन क्लबनं हॅरीला दहाव्या क्रमांकावर उचललं आणि नॉर्थ मेलबर्ननं बेनला एकविसाव्या. सहा वर्षांनी, 2021 मध्ये, हॅरी लीगमध्ये सगळ्यांत जास्त गोल करून कोलमन पदक घेऊन गेला. बेन मात्र मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, असल्या उंच गोलवाल्यांना अडवण्याचं काम करत होता. एकाच दिवशी जन्मलेली, एकाच ताटात जेवलेली ही दोन शरीरं. सतराअठरा वर्षांच्या पोरांकडे बघून त्यांची पुढची दहा वर्षं सांगायची हाच ज्यांचा धंदा, त्यांची अशा जोडीपुढे काय गत होत असेल?

हा खेळ ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, तिकडच्या बोलीत नुसतं 'फुटी'. ज्या मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर डिसेंबर 2020 मध्ये अजिंक्य रहाणेनं कर्णधार म्हणून 112 धावा काढल्या आणि आपण पहाटे उठून त्या पाहिल्या, ते मैदान आपल्या लेखी क्रिकेटचं. मेलबर्नचा फुटीवेडा सांगेल की ते फुटीचंच आहे, उन्हाळ्यापुरतं क्रिकेटला उसनं दिलंय. मैदान अंडाकृती, चेंडूही अंडाकृती, एका बाजूला अठरा खेळाडू. गोलच्या जागी नुसते चार उभे खांब. वर आडवी दांडी नाही, मध्ये गोलरक्षक नाही. मधल्या दोन खांबांतून लाथेनं चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. आणि खेळाचा प्राण म्हणजे 'मार्क': निदान पंधरा मीटर उडत आलेला चेंडू हवेत स्वच्छ झेलायचा. झेलला की खेळ थांबतो आणि झेलणाऱ्याला निवांत लाथ मारायला मिळते. गोलच्या पन्नास मीटरच्या आत असा झेल घेणारा उंच गडी म्हणजे 'की फॉरवर्ड'.

त्याचं काम ऐकायला सोपं वाटतं. मधल्या फळीनं कसाबसा मारलेला चेंडू पुढे येतो, खाली तिघंचौघं टपलेले असतात, पाठीत कुणाचं तरी कोपर रुतलेलं असतं, आणि यानं वर जाऊन तो धरायचा. मग साऱ्या गर्दीसमोर तीस सेकंदांत एकट्यानं नेम साधायचा. पहिल्या कामाला अंगात रेडा लागतो, दुसऱ्याला सुईत दोरा ओवणाऱ्याचा हात. दोन्ही एकाच माणसात सापडणं दुर्मीळ. म्हणूनच अशा पोरांमागे क्लब वेडे होतात.

ड्राफ्ट सुरू झाला 1986 मध्ये. त्याआधी क्लबांना आपापले इलाखे वाटून दिलेले असत. इलाख्यातलं पोर इलाख्याच्या क्लबाचं. आता दर नोव्हेंबरात अठरा क्लब क्रमानं नावं पुकारतात. गुणतक्त्यात जो तळाला, त्याचा पहिला मान. त्या वर्षी अठरा पूर्ण करणारा पोरगा निवडीला पात्र. बापानं त्याच क्लबासाठी शंभर सामने खेळले असतील तर मुलावर क्लबाचा आधी हक्क. याला 'फादर-सन' नियम म्हणतात. घराणेशाहीला एवढी उघड नियमावली आपल्याकडेही कुणी करून दिलेली नाही.

निवडीआधी, ऑक्टोबरात, मोजमापाचा मेळा भरतो. उंची, वजन, हात पसरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर, पंजाची रुंदी. वीस मीटरची धाव, अडथळ्यांभोवतीची वळणं, दोन किलोमीटरची दमछाक. उभ्या जागेवरून उडी आणि धावत येऊन उडी. त्यासाठी एक खांब असतो, त्याला वर आडव्या पट्ट्या, जेवढ्या उंचीवरची पट्टी हातानं ढकलाल तेवढी तुमची उडी. मग क्लबांच्या खोल्यांत मुलाखती. नीट कपडे करून, हात मांडीवर ठेवून बसलेला तो पोरगा आणि समोर प्रश्न विचारणारी प्रौढ मंडळी पाहिली की कांदेपोह्यांची आठवण येते. घरी कोण कोण, दूरच्या राज्यात करमेल का, दुखणं-खुपणं काही आहे का.

खरं तर मला आठवतो तो आमच्याकडचा बैलबाजार. माणसाच्या लेकराला बैलाची उपमा देऊ नये हे कळतं. पण दूधदात न पडलेल्या खोंडाला आपल्याकडे 'आदत' म्हणतात, आणि शर्यतीसाठी आदत घेणाऱ्याची अडचण नेमकी इथल्यासारखीच असते. खूर बघता येतो, छाती बघता येते, चाल बघता येते. पण हा चार दातांचा झाल्यावर पळेल का, हे त्याच्या आजच्या अंगावर लिहिलेलं नसतं.

उंच फॉरवर्डच्या बाबतीत ही अडचण दुपटीची. ठेंगणा, चपळ मधल्या फळीतला पोरगा अठराव्या वर्षी बऱ्यापैकी तयार असतो. पहिल्याच मोसमात तो मोठ्यांच्यात खपून जातो. दोन मीटरच्या पोराची हाडं लांबलेली असतात, पण त्यांवर मांस चढायला चारपाच वर्षं जातात. कुमारांच्या सामन्यात तो इतरांपेक्षा वीतभर उंच असल्यामुळे नुसते हात वर करून झेल घेतो. बघणाऱ्याला वाटतं, काय हा गडी! पुढच्या वर्षी त्याच्यामागे सत्तावीस वर्षांचा, शंभर किलोचा बचावपटू उभा राहतो, एक हात त्याच्या कमरेला लावतो, आणि तो झेल गायब होतो.

म्हणून जाणता पारखी झेल मोजत बसत नाही. त्याची नजर चेंडू यायच्या आधीच्या क्षणावर असते. पोरगा कधी धाव घेतो? बचावपटूला एका बाजूला ओढून नेऊन मग दुसरीकडे सुटतो, की चेंडू दिसला की सरळ त्याच्याकडे पळत सुटतो? चेंडूला हात पुढे घालतो की छातीशी कवटाळतो? झेल हुकून चेंडू जमिनीवर पडला, तर तिथेच कपाळाला हात लावतो की वाकून पुन्हा झडप घालतो? हा शेवटचा प्रश्न हल्ली फार महत्त्वाचा झाला आहे. पूर्वी गोलसमोरची जागा मोकळी असे. आता अख्खा संघ मागे येऊन ती भरून टाकतो, त्यामुळे झेल घेता आला नाही तरी चेंडू समोरच्यालाही घेऊ न देणं आणि खाली पाडून आपल्या बुटक्या सोबत्यांच्या हवाली करणं हेही याचंच काम. एका मोसमात शंभर गोल करणारा शेवटचा खेळाडू लान्स फ्रँक्लिन, 2008 मध्ये. त्यानंतर शंभरी कुणालाही गाठता आलेली नाही.

दुसरी गोष्ट बघायची ती प्रतिस्पर्धी कोण होता. पश्चिम आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातली मुलं अनेकदा अठराव्या वर्षीच राज्याच्या लीगमध्ये बाप्यांविरुद्ध खेळतात. व्हिक्टोरियातली बहुतेक मुलं शाळा आणि कुमारसंघांत आपल्याच वयाच्यांशी. 2020 मध्ये या फरकाची विचित्र परीक्षा झाली. कोविडमुळे व्हिक्टोरियाची कुमार लीग बंदच पडली. जमारा उगल-हेगन या व्हिक्टोरियातल्या उंच फॉरवर्डला निवडीच्या वर्षी लीगचा एकही सामना मिळाला नाही. त्याच वर्षी लोगन मॅकडोनल्ड पश्चिमेत पर्थकडून आणि रायली थिलथॉर्प दक्षिणेत वेस्ट ॲडलेडकडून मोठ्यांच्यात खेळत होते. तरी ड्राफ्टच्या रात्री पहिलं नाव उगल-हेगनचं निघालं, थिलथॉर्प दुसरा, मॅकडोनल्ड चौथा. पारख्यांनी आदल्या वर्षीच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहून तो निर्णय घेतला होता. हा धंदा किती पुराव्यावर चालतो आणि किती मनात बसलेल्या एखाद्या झेलावर, याचा अंदाज त्या रात्रीवरून बांधावा.

फुटीवाल्यांच्या गप्पांत 2004 चा ड्राफ्ट अजून निघतो. पहिला आणि चौथा क्रमांक रिचमंडकडे, दुसरा, पाचवा आणि सातवा हॉथॉर्नकडे. रिचमंडनं ब्रेट डेलेडिओ आणि रिचर्ड टॅम्बलिंग घेतले. हॉथॉर्ननं दुसऱ्या क्रमांकावर जॅरिड रफहेड घेतला आणि पाचव्यावर पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डौरिन नावाच्या लहान गावचा फ्रँक्लिन. एकाच रात्री दोन उंच फॉरवर्ड! त्या दोघांच्या जोरावर हॉथॉर्ननं 2008 आणि 2013 ची अजिंक्यपदं मारली. फ्रँक्लिन पुढे सिडनीला गेला, आणि मार्च 2022 मध्ये त्यानं हजारावा गोल केला तेव्हा हजारो माणसं कुंपण ओलांडून मैदानात घुसली. हजार गोलांचा टप्पा त्याच्याआधी फक्त पाच जणांनी गाठला होता. रिचमंडच्या माणसांना आंधळं ठरवणं आता सोपं आहे. पण रफहेडला फ्रँक्लिनच्या आधी घेणाऱ्या हॉथॉर्नलाही त्या दिवशी सगळं दिसलं होतं असं कसं म्हणावं?

उलट बाजूचे दाखले अधिक बोचरे. 2013 मध्ये टॉम बॉइड पहिल्या क्रमांकानं ग्रेटर वेस्टर्न सिडनीत गेला. वर्षभरातच वेस्टर्न बुलडॉग्जनं त्याला मागून घेतलं; मोबदल्यात संघाचा कर्णधार रायन ग्रिफेन आणि पहिल्या फेरीतला सहावा क्रमांक दिला. सात वर्षांचा करार, तोही एकोणीस वर्षांच्या, जेमतेम एक मोसम खेळलेल्या पोराशी. 2016 च्या अंतिम सामन्यात त्यानं तीन गोल केले, शेवटचा तर लांबूनच घरंगळत आत गेला, आणि बुलडॉग्जला 1954 नंतर पहिलं अजिंक्यपद मिळालं. 2019 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. मनावरच्या ताणाबद्दल तो पुढे मोकळेपणानं बोलला. ज्या वयात उंच फॉरवर्ड खऱ्या अर्थानं सुरू होतो, त्या वयात याचा खेळ संपला. मग तो सौदा फसला म्हणायचा? बुलडॉग्जच्या म्हाताऱ्या चाहत्याला विचारून बघा.

पुढच्याच वर्षी सेंट किल्डानं पॅडी मॅकार्टिनला पहिला घेतला. टाइप वन मधुमेह असूनही त्याच्या हातांवर आणि धाडसावर सगळ्यांचा विश्वास होता. त्या धाडसाचाच घात झाला. एकामागून एक डोक्याला मार बसत गेला आणि सेंट किल्डाकडून तो पस्तीसच सामने खेळू शकला. दुसऱ्या क्रमांकाचा क्रिश्चन पेट्राका मेलबर्नकडून 2021 च्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम खेळाडू ठरला. आता सांगा, उंचीच्या पट्टीनं किंवा उडीच्या खांबानं हे कुठे मोजायचं होतं? चेंडूकडे न डगमगता जाणारा पोरगा हवा असं सगळे पारखी म्हणतात, आणि नेमकं तेच पोर मार खातं.

दुखापतीकडे डोळेझाक करूनही निवड होते, कारण उंच पोरं मिळत नाहीत. 2018 मध्ये मॅक्स किंगचा गुडघ्याचा लिगामेंट शाळेच्या सामन्यात तुटला, जवळजवळ सगळं वर्ष वाया गेलं. तरी सेंट किल्डानं त्याला चौथा घेतला. त्याचा जुळा भाऊ बेन सहाव्या क्रमांकावर गोल्ड कोस्टला गेला. त्याचाही तोच लिगामेंट पुढे तुटला आणि 2022 चा अख्खा मोसम गेला. कार्लटनला हॅरी मॅकेबरोबरच 2015 मध्ये बाराव्या क्रमांकावर चार्ली कर्नो मिळाला होता. गुडघ्यांमुळे तो 2020 मध्ये एकही सामना खेळला नाही, 2021 मध्ये मोजकेच. क्लबनं धीर धरला. 2022 आणि 2023 ची कोलमन पदकं त्याची. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा उंच फॉरवर्ड जॉश शाकी ब्रिस्बेनला गेला होता आणि दोनच वर्षांत व्हिक्टोरियात परतला.

आणि एवढा धीर धरूनही फळ आपल्याच अंगणात पडेल असं नाही. जॉश केनेडीला कार्लटननं 2005 मध्ये चौथ्या क्रमांकावर घेतलं. दोन वर्षांनी वेस्ट कोस्टच्या क्रिस जडला आणण्यासाठी केनेडीला त्या क्लबाला देऊन टाकलं. केनेडीनं तिथे 2015 आणि 2016 ची कोलमन पदकं मिळवली आणि 2018 चं अजिंक्यपदही. आंब्याचं झाड आजोबानं लावायचं आणि नातवानं खायचं, एवढं आपल्याला ठाऊक आहे. इथे शेजाऱ्याचा नातू खातो.

जीलॉन्गच्या टॉम हॉकिन्सचं नशीब निराळं. बाप जॅक त्याच क्लबाचा जुना खेळाडू, त्यामुळे 2006 मध्ये फादर-सन नियमानं टॉम एकेचाळिसाव्या क्रमांकावर आला. पहिल्या सामन्यापासून लोकांनी त्याच्याकडून डोंगराएवढी अपेक्षा केली, आणि कितीतरी मोसम तो नुसता जाडजूड, घुटमळणारा पोरगा वाटत राहिला. 2012 पासून तो सुटला. कोलमन पदक मिळालं 2020 मध्ये, बत्तीस वर्षांचा झाल्यावर.

24 सप्टेंबर 2022 ला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर अंतिम सामना होता, जीलॉन्ग विरुद्ध सिडनी. लाखभर माणसं. सिडनीच्या गोलसमोर बचावाला पॅडी मॅकार्टिन उभा होता. वर्षानुवर्षं बाहेर राहून तो बचावपटू म्हणून परतला होता. सोबत धाकटा भाऊ टॉम, तोही मुळात फॉरवर्ड म्हणून निवडलेला. गोल करायला म्हणून घेतलेले दोन भाऊ गोल अडवत होते. पलीकडच्या टोकाला पस्तिशीचा फ्रँक्लिन, हजाराहून अधिक गोलांचा धनी, आणि त्या दिवशी त्याला एकही करता आला नाही. सामना सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता तोच सीमेवरून पंचानं आत फेकलेला चेंडू चौतीस वर्षांच्या हॉकिन्सनं गर्दीतून ओढून घेतला आणि वळून लाथ मारली. गोल. थोड्या वेळानं पुन्हा तसाच दुसरा. जीलॉन्ग 81 गुणांनी जिंकलं.