आपला कोण, परका कोण? आरएनए ओळखणाऱ्या प्रथिनांचा मागोवा

कोविडच्या काळात ‘अँटिबॉडी’ हा शब्द घराघरांत रुळला. पण नव्या विषाणूविरुद्ध पुरेशा अँटिबॉडी तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो, आणि तोवर विषाणू काही स्वस्थ बसत नाही. त्या मधल्या दिवसांत किल्ला लढवते ती जन्मजात प्रतिकारशक्ती. तिच्या पहिल्या फळीत पेशीतली अशी प्रथिने असतात, जी विषाणूच्या आरएनएला चिकटतात आणि हा परका आहे, हे ताडतात. ती नेमके काय पाहून ताडतात, हे कळायला विज्ञानाला जवळजवळ अर्धे शतक लागले.

सुरुवात झाली ती लंडनच्या मिल हिलमधल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत, १९५७ साली. ॲलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेले तरुण संशोधक जाँ लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाभोवतीच्या पडद्याचे तुकडे घेतले आणि त्यांवर उष्णतेने निकामी केलेला इन्फ्लुएंझाचा विषाणू सोडला. मग तुकडे धुऊन ताज्या द्रावात ठेवले. काही तासांनी फक्त तो द्राव उचलला आणि पडद्याच्या कोऱ्या तुकड्यांवर घातला. आता त्यांवर जिवंत विषाणू सोडला, तर तो वाढेना! पेशींनी द्रावात सोडलेल्या या पदार्थाला त्यांनी इंटरफेरॉन म्हटले. जपानमध्ये नागानो आणि कोजिमा यांना १९५४ मध्येच असा पदार्थ आढळला होता. पण त्यांच्या फ्रेंचमधल्या निबंधाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

इंटरफेरॉन हा धोक्याचा इशारा आहे, हे हळूहळू मान्य झाले. पण पेशीला धोका कळतो कशावरून? १९६७ साली मर्क कंपनीत मॉरिस हिलमन यांच्या गटाला पहिला धागा सापडला. पेनिसिलियम बुरशीच्या एका अर्काने इंटरफेरॉन तयार होते, हे ठाऊक होते. त्या अर्कातला गुणकारी घटक दुपेडी आरएनए निघाला, आणि तोही बुरशीला झालेल्या विषाणूसंसर्गातून आलेला. आपल्या पेशींत आरएनए बहुतांशी एकपेडी असतो. अनेक विषाणूंची पिलावळ वाढताना मात्र लांबच लांब दुपेडी आरएनए तयार होतो. खूण सापडली, ती ओळखणारा सापडायचा होता.

सत्तरच्या दशकात पुन्हा मिल हिलमध्येच आयन केर आणि सहकाऱ्यांनी इंटरफेरॉन दिलेल्या पेशींच्या अर्कात दुपेडी आरएनए मिसळून पाहिला. प्रथिने बनण्याचे काम तिथे ठप्प झाले. यातून दोन यंत्रणा उलगडल्या. पीकेआर हे प्रथिन दुपेडी आरएनएला चिकटले की पेशीची प्रथिननिर्मितीच थांबवते. ओएएस हे दुसरे प्रथिन एक छोटा निरोप्या रेणू बनवते आणि त्याने जागा झालेला आरएनएज-एल दिसेल तो आरएनए कापत सुटतो. पेशीचेही नुकसान होते, पण विषाणूला वाढायला जागा उरत नाही. मात्र पहिला इशारा कोण देतो, हे कोडे कायमच राहिले.

ते सुटले नव्या शतकात, आणि झपाट्याने. २००१ मध्ये टीएलआर-३ हे प्रथिन दुपेडी आरएनए ओळखते, असे दिसले. पण ते पेशीत आत घेतल्या गेलेल्या पिशव्यांमध्ये पहारा देते. पेशीद्रवातला पहारेकरी २००४ साली टोकियोत ताकाशी फुजिता यांच्या गटाला सापडला : रिग-आय. त्याचा इशारा पुढे नेणारे, मायटोकॉन्ड्रियावर बसलेले प्रथिन २००५ मध्ये चार गटांनी स्वतंत्रपणे शोधले आणि चौघांनी त्याला चार नावे दिली. आज ते मुख्यतः मॅव्हस म्हणून ओळखले जाते.

रिग-आय नेमके पाहतो काय? मांडवात आलेल्या अनोळखी माणसाला यजमान चेहऱ्यावरून जोखत नाहीत, ‘आपण कुणाकडचे?’ असे विचारतात. रिग-आयही विषाणूचे नाव-गाव विचारत नाही. आरएनएचे टोक तपासतो. २००६ मध्ये म्युनिक आणि लंडनच्या गटांनी ते दाखवून दिले. नव्या आरएनएच्या सुरुवातीच्या टोकाला तीन फॉस्फेट असतात. आपल्या संदेशवाहक आरएनएवर केंद्रकातच रासायनिक कॅप चढते, मगच तो बाहेर पडतो. इन्फ्लुएंझाच्या जनुकीय आरएनएचे टोक मात्र उघडे असते आणि तिथेच तो सापडतो. त्याच वर्षी हेही कळले, की इन्फ्लुएंझा आणि आपल्याकडे परिचित असलेला जपानी मेंदूज्वराचा विषाणू रिग-आय ओळखतो, तर पोलिओच्या कुळातल्या विषाणूंवर नजर ठेवतो त्याचा भाऊबंद एमडीए-५. लांब दुपेडी आरएनए ही याची खूण.

विषाणूही कच्च्या गुरूचे चेले नव्हेत. इन्फ्लुएंझाचे एनएस-१ प्रथिन रिग-आयचा आवाज दाबते. हेपटायटिस सीचा विषाणू तर मॅव्हसच कापून टाकतो. कोरोनाविषाणू आपल्या आरएनएवर आपल्यासारखीच कॅप चढवतात. मग पेशीही दुसरी खूण शोधते. २००२ साली सापडलेले झॅप प्रथिन विषाणूचा आरएनए नष्ट करवते. ते सी आणि जी ही अक्षरे लागोपाठ आलेली जागा धरते, हे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. आपल्या आरएनएमध्ये ही जोडी विरळ असते. एचआयव्हीसह अनेक विषाणूंमध्येही ती कमीच आढळते, ते का, याचा उलगडा यातून होतो.

या संशोधनाचे मोल दोन ठिकाणी ठळक दिसले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवले, की आरएनएमधल्या युरिडिनऐवजी स्यूडोयुरिडिन वापरले, तर पहारेकरी तितके चवताळत नाहीत. कोविडच्या एमआरएनए लशी याच पायावर उभ्या राहिल्या आणि २०२३ चे नोबेल दोघांना मिळाले. दुसरे ठिकाण क्लेशकारक आहे. एडीएआर-१ हे प्रथिन आपल्याच दुपेडी आरएनएमधली काही अक्षरे बदलून त्याला ‘घरचा’ ठरवते. ते बिघडले, किंवा एमडीए-५ गरजेपेक्षा जास्त तिखट झाले, तर संसर्ग नसतानाही इंटरफेरॉन वाहत राहते आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. एकार्डी-गुटियेर नावाच्या या आजाराची ही कारणे २०१२ आणि २०१४ मध्ये उघड झाली.

या साऱ्या प्रवासाचे सार एवढेच, की प्रतिकारशक्तीची खरी कसोटी जोरात नाही, ओळखीत आहे. कमी पडली तर विषाणू मारतो, बेताल झाली तर ती स्वतःच शरीर पोखरते. म्हणून ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणत कुणी काढा किंवा गोळी पुढे केली, तर कोणती इम्युनिटी, किती आणि कशी मोजली, हे जरूर विचारा. उत्तर मिळाले नाही, तर पैसे खिशातच ठेवा. आणि राहिलेली लस मात्र वेळेवर घ्या.