घरभाडे अनामत साहाय्य
घरभाडे अनामत साहाय्य : घर भाड्याने घेताना मालकाकडे ठेवावी लागणारी अनामत रक्कम (डिपॉझिट) अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूस एकरकमी भरणे शक्य नसते. अशा वेळी स्थानिक स्वराज्य संस्थेने किंवा अन्य सार्वजनिक निधीने कर्ज, अनुदान अथवा हमी या रूपाने केलेल्या मदतीस ही संज्ञा लावतात. भाडे थकल्यास वा घराची नासधूस झाल्यास भरपाई मिळावी, हा अनामतीचा मूळ हेतू होय. व्यवहारात मात्र ती निवाऱ्याच्या उंबरठ्यावरील पहिली अडसर ठरते. भाडे दरमहा मिळकतीतून देता येते. अनामत मिळकतीपूर्वीच उभी करावी लागते.

समजा, खोलीचे भाडे दरमहा ३,००० रु. असून मालक तीन महिन्यांची अनामत मागतो. पहिल्या महिन्याच्या भाड्यासह कुटुंबास प्रवेशापूर्वी १२,००० रु. जमवावे लागतात. अनामतीचे ९,००० रु. खाजगी सावकाराकडून महिना शेकडा पाच दराने घेतल्यास व्याजच दरमहा ४५० रु. होते, म्हणजे खोली प्रत्यक्षात ३,४५० रुपयांस पडते. घर सोडताना अनामत पूर्ण परत मिळाली, तरी दिलेले व्याज परत येत नाही. महाराष्ट्रात दस्तऐवजाच्या मुद्रांक शुल्कासाठी परतफेडीच्या अनामतीवर वार्षिक १० टक्के व्याज गृहीत धरतात. शुल्क आकारणाऱ्या शासनास दिसणारे हे व्याज भाडेकरूच्या पदरात मात्र पडत नाही, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

मुंबईत अनामतीपेक्षा पागडीचा इतिहास मोठा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रण आले. मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ याने भाडे जुन्या पातळीवर गोठविले व भाडेपट्ट्यासाठी पागडी घेणे गुन्हा ठरविला; पण ती चालूच राहिली, फक्त पावतीविना. गोठलेल्या भाड्याची भरपाई मालक एकरकमी वसुलीने करीत आणि ज्याच्याजवळ रोकड नाही तो बाहेर राही. प्रमाण भाड्यासंबंधीच्या या तरतुदी कालौघात अवाजवी ठरल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात दिला. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ (अंमल ३१ मार्च २०००) याने मुंबई, विदर्भ व मराठवाडा या भागांतील वेगवेगळे कायदे एकत्र केले, भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढीस मुभा दिली आणि कलम ५६ अन्वये अधिमूल्य व अनामत घेणे वैध ठरविले. कमाल मर्यादा मात्र घातली नाही. केंद्र शासनाच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी मर्यादा सुचविलेली आहे. तथापि घरभाडे हा राज्यांचा विषय असल्याने मसुदा आपोआप लागू होत नाही.

१९९९ च्या अधिनियमातील कलम ५५ भाडेकरूच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. करार लेखी व नोंदणीकृत असावा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची, असे ते सांगते. करार नोंदलेला नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईतो, ग्राह्य धरले जाते. लहान शहरांत मात्र पुष्कळ व्यवहार ओळखीवर व तोंडी होतात आणि घर सोडताना ‘रंग खराब झाला’ एवढ्या शब्दावर अनामत कापली जाते.

सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी (ता. माढा) हे अशा शहराचे उदाहरण. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेमुळे हे ठिकाण जंक्शन म्हणून वाढले. रेल्वेच्या कायम नोकरास निवासस्थान किंवा घरभाडे भत्ता मिळतो. त्याच स्थानकाच्या आधारे पोट भरणारे हमाल, उपाहारगृहांतील कामगार वा दुकानांतील नोकर यांना यांपैकी काहीच नाही. महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्ये पाणी, दिवे, रस्ते, स्वच्छता अशी आहेत. भाडेकरूची अनामत त्यांत येत नाही. घरकुलाची मदतही मुख्यतः मालकीकडे झुकलेली आहे. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत (नागरी) स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास केंद्राचे दीड व राज्याचे एक लाख रु. मिळत, ज्याला जागाच नाही तो भाडेकरू या घटकाबाहेर राही. सोलापूरनजीक कुंभारी येथील विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत आणि असंघटित कामगारांचे रे नगर (पहिली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये सुपूर्द) हे मोठे प्रकल्पही मालकी हक्काच्या घरांचेच. अनामतीच्या प्रश्नाला सर्वांत जवळची शासकीय मदत म्हणजे अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना (२०१६–१७). तीत निवास भत्त्याची रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. पण ती येईपर्यंत खोली आधीच घ्यावी लागते, म्हणजे अडचण तिथेच राहते.

परदेशांत यासाठी स्वतंत्र यंत्रणा आहेत. इंग्लंडमधील अनेक स्थानिक परिषदा बेघर होण्याच्या मार्गावरील कुटुंबास अनामतीसाठी कर्ज देतात किंवा रोख रकमेऐवजी मालकास हमीपत्र देतात. तेथे २००७ पासून अनामत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत ठेवणे मालकास बंधनकारक असून २०१९ च्या कायद्याने सर्वसाधारण घरांसाठी पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा घातली. फ्रान्समध्ये १९९० च्या बेसाँ कायद्याने गृहनिवास एकता निधी उभारले. २००५ पासून ते जिल्हास्तरीय परिषदांच्या अखत्यारीत आहेत.

हमीपत्राची पद्धत तोकड्या उत्पन्नाच्या संस्थेस अधिक परवडते. कारण नुकसान सिद्ध झाले तरच पैसा बाहेर जातो. कर्ज दिल्यास परतफेडीतून तोच निधी पुढच्या कुटुंबास फिरवता येतो, मात्र वसुलीचे काम वाढते. दोन्हींत प्रवेशाच्या दिवशी घराच्या स्थितीची दोघांच्या सहीची नोंद, दाव्याची कमाल रक्कम व दावा करण्याची मुदत ठरलेली असावी लागते. खरी अडचण मालकाच्या विश्वासाची असते. रोकड हाती असताना कागदी हमी स्वीकारण्यास तो सहसा राजी नसतो, आणि पहिल्याच दाव्याची रक्कम कार्यालयात महिनोन्‌महिने अडकली, तर त्या गल्लीत दुसरे हमीपत्र कोणी घेत नाही.