चेहरा एकीचा, आवाज दुसरीचा

पश्चिम आफ्रिकेच्या चित्रपटाचा इतिहास सांगणाऱ्या लेखांबरोबर एक कृष्णधवल छायाचित्र हमखास छापले जाते. आखूड केसांची, मोठे डूल घातलेली एक तरुणी त्यात कुठेतरी तिसरीकडेच पाहत असते. हा चेहरा सेनेगलच्या अभिनेत्री म्बिसीन तेरेझ दिओप यांचा. उस्मान सेंबेन यांच्या १९६६ मधील ‘ला न्वार द...’ या चित्रपटात त्यांनी द्युआना या मोलकरणीची भूमिका केली. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकी दिग्दर्शकाने केलेला आणि जगाने दखल घेतलेला पहिला कथाचित्रपट म्हणून तो ओळखला जातो. तो पाहणाऱ्या बहुतेकांच्या लक्षात येत नाही अशी एक गोष्ट मात्र आहे. द्युआनाच्या मनातले जे विचार आपल्याला तासभर ऐकू येतात, तो आवाज दिओप यांचा नाही.

तो आवाज हैतीच्या गायिका-अभिनेत्री तोतो बिसाँत यांचा आहे. चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिमुद्रण न करता संवाद मागाहून चढवण्याची पद्धत त्या काळी स्वस्त आणि सोयीची होती. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्याकडच्या प्रेक्षकाला यात काही वावगे वाटणार नाही. नायिकेच्या ओठांवर दुसरीचा गळा, हे आपण केव्हाच स्वीकारले आहे. परंतु ‘ला न्वार द...’ची गोष्टच मुळी एका बाईचा आवाज हिरावला जाण्याची असल्याने हा योगायोग मनात सलत राहतो.

सेंबेन हे मूळचे लेखक. सेनेगलच्या दक्षिणेकडील झिगिंशोर येथे १९२३ मध्ये जन्मलेल्या या माणसाने फ्रान्समधील मार्सेय बंदरात गोदी कामगार म्हणून घाम गाळला, तिथेच लेखन सुरू केले आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर मॉस्कोत जाऊन चित्रपटाचे शिक्षण घेतले. आपल्या देशातली बहुसंख्य जनता पुस्तके वाचू शकत नाही, हे त्यामागचे कारण होते. फ्रेंच वसाहतींमध्ये १९३४ च्या एका हुकुमान्वये सरकारी परवानगीशिवाय चित्रीकरण करता येत नसे आणि आफ्रिकी माणसाच्या हाती कॅमेरा पडणे त्यामुळे दुरापास्त झाले होते. सेनेगल १९६० मध्ये स्वतंत्र झाला. पण पैसा, प्रयोगशाळा आणि वितरण ही सारी फ्रान्सच्याच मुठीत होती. आफ्रिकी चित्रपटांना अर्थसाह्य देणाऱ्या फ्रेंच सरकारी खात्याने ‘ला न्वार द...’ची पटकथा नाकारली. तरीही चित्रपट झाला, आणि झाला तो फ्रेंच भाषेत. सेंबेन यांना वोलोफ भाषेत बोलपट करण्यासाठी १९६८ च्या ‘मांदाबी’पर्यंत थांबावे लागले.

या साऱ्यात दिओप आल्या त्या कसलीही चित्रपटीय पूर्वपीठिका नसताना. दकारमध्ये त्या शिवणकाम करत आणि संध्याकाळी अभिनयाच्या वर्गाला जात. कथेचे बीज १९५८ मधील एका वृत्तपत्रीय बातमीत होते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एका घरात आफ्रिकी मोलकरणीने आत्महत्या केली होती. सेंबेन यांनी त्यावर लिहिलेली कथा १९६२ च्या त्यांच्या संग्रहात आली आणि तिचाच पुढे चित्रपट झाला.

दकारमध्ये कामाच्या शोधात बायका रस्त्याच्या कडेला बसून असतात. गोरी मालकीण येताच साऱ्या जणी तिच्याभोवती गर्दी करतात, द्युआना मात्र जागची हलत नाही. नेमकी तिचीच निवड होते. मुले सांभाळण्यासाठी म्हणून तिला फ्रान्समधील आंतीब येथे नेले जाते. तिथे मुले नसतात, असतो तो स्वयंपाक, धुणे आणि फरशी. ठिपक्यांचा झगा आणि उंच टाचांचे बूट घालून ती झाडूपोछा करते तेव्हा मालकीण तिच्या गळ्यात ॲप्रन अडकवते आणि बूट काढायला लावते. जेवायला आलेला पाहुणा तिला न विचारता तिचे चुंबन घेतो. फ्रान्स म्हणून तिला जे दिसते, ते म्हणजे त्या फ्लॅटच्या पांढऱ्या भिंती आणि खिडकीबाहेरचा काळोख.

चित्रपटाचे नावही इथे पाहण्यासारखे आहे. ‘ला न्वार द...’ म्हणजे ‘...ची काळी’. कोणाची, ते नाव मोकळे सोडलेले. मराठी घरांत ‘जोशींकडची बाई’ असे सहज म्हटले जाते, त्या बाईचे नाव काय हे वर्षानुवर्षे कोणाला ठाऊक नसते. सेंबेन यांनी सोडलेली ती तीन टिंबे समजायला आपल्याला भाष्यकाराची गरज पडू नये.

दिओप यांच्या अभिनयाची कसोटी लागते ती या कोंडीत. त्यांना प्रत्यक्ष बोलायला ‘हो मॅडम’, ‘हो साहेब’ याखेरीज जवळपास काही नाही. मनातली वाक्ये दुसरीच्या गळ्यातून येणार. मग उरते काय? चालणे, वाकणे, दाराशी उभे राहणे आणि डोळे. द्युआनाला घरून पत्र येते तो प्रसंग पाहावा. तिला वाचता येत नाही, म्हणून मालक ते वाचून दाखवतो. आईने पैसे पाठवत नसल्याबद्दल बोल लावलेला असतो. मालक लगेच कागद ओढतो आणि तिला काय म्हणायचे आहे हे न विचारताच उत्तर लिहू लागतो. दिओप काही क्षण नुसत्या ऐकत राहतात. चेहऱ्यावर राग नाही, रडू नाही, कुठेतरी आत एक दार लागल्यासारखी निश्चलता आहे. मग ते पत्र फाडले जाते. या प्रसंगाचा आवाज बंद करून पाहिला तरी काही कमी होत नाही, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते. मनोगताची काही वाक्ये तर दिओप यांच्या चेहऱ्याने आधीच सांगून टाकलेली असतात आणि त्यामुळे अनावश्यक ठरतात.

द्युआना अखेरीस स्वतःला संपवते. मालक तिची पेटी, पगाराचे पैसे आणि तिनेच पूर्वी भेट दिलेला मुखवटा घेऊन दकारला जातो. तिची आई पैसे घेत नाही. मुखवटा घातलेला एक लहान मुलगा मालकाच्या मागे मागे चालत राहतो.

चित्रपटाला १९६६ मध्ये फ्रान्सचा झाँ व्हिगो पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ट्युनिशियातील कार्थेज महोत्सवाच्या पहिल्याच आवृत्तीत सुवर्ण तानित मिळाले. सेंबेन जगभर गेले, ‘आफ्रिकी चित्रपटाचे जनक’ झाले आणि २००७ मध्ये निवर्तले. दिओप यांच्या वाट्याला मात्र कारकीर्द म्हणावी असे फारसे काही आले नाही. सेंबेन यांच्याच १९७१ मधील ‘एमिताई’त त्या दिसतात. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच लष्कर कासामांस भागातील गावांचा तांदूळ जप्त करू पाहते आणि गावातील स्त्रिया तो लपवून ठेवतात, अशी त्याची कथा आहे. त्यानंतर पडद्यावर दीर्घ शांतता. याचा दोष एका व्यक्तीला देता येणार नाही. ज्या देशात वर्षाकाठी मोजके चित्रपट होत आणि तेही परदेशी पैशाच्या भरवशावर, तिथे अभिनयावर पोट भरणे अशक्यच होते. दिग्दर्शकाला निदान महोत्सवांची निमंत्रणे येतात. नटीकडे कात्री आणि शिवणयंत्र उरते.

चित्रपटाची प्रत ‘वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट’ने नव्याने दुरुस्त केली आणि २०१५ मध्ये ती कान महोत्सवात दाखवली गेली. अमेरिकेतील ‘क्रायटेरियन’ने २०१७ मध्ये काढलेल्या आवृत्तीत दिओप यांची मुलाखत आहे. द्युआनाचा चेहरा पाठ असलेल्या कित्येक रसिकांनी त्यांचा स्वतःचा आवाज ऐकला तो पन्नास वर्षांनी, असा. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने २०२२ मध्ये जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा सर्वोत्तम शंभरांच्या यादीत हा चित्रपट संयुक्तपणे ९५ व्या स्थानी होता.

त्याआधी, २०२० मध्ये, दिओप पुन्हा पडद्यावर आल्या होत्या. फ्रेंच-सेनेगली दिग्दर्शिका मैमूना दुकुरे यांच्या ‘मिन्योन’मध्ये. पॅरिसमध्ये राहणाऱ्या आमी या अकरा वर्षांच्या सेनेगली मुलीचे वडील दुसरी बायको करून आणणार आहेत आणि आमी शाळेतल्या मैत्रिणींच्या नाचाच्या चमूत ओढली जाते, असे कथानक आहे. दुकुरे यांना सनडान्स महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. पुढे नेटफ्लिक्सने वापरलेल्या भित्तिचित्रावरून गदारोळ उठला, कंपनीला माफी मागावी लागली आणि त्या धुरळ्यात चित्रपटातल्या मोठ्या माणसांच्या कामाविषयी बोलायचे राहूनच गेले.

दिओप यात घरातली वडीलधारी नातलग आहेत, नात्याने काकी-मावशीसारख्या. परंपरेच्या पहारेकरी. मुलीला लग्नाच्या स्वयंपाकाला जुंपणाऱ्या, बाईचे कर्तव्य काय ते ठणकावून सांगणाऱ्या. एका प्रसंगात आमी पलंगाखाली लपलेली आहे. वर बसलेल्या तिच्या आईला सवतीच्या आगमनाची बातमी फोन करून एकेकाला सांगायची आहे, तीही आनंदाने, कारण समोर ही म्हातारी बसली आहे. आईचा आवाज फुटतो, पुन्हा सावरतो. आणि तो तसा सावरला जातो आहे ना, यावर नजर ठेवून असतात त्या दिओप.