वीजबिल माफीचा कायदा झालेलाच नाही

"आता मोटारीचं बिल कशाचं? साहेबांनी विधानसभेत कायदाच केला ना. जुनं-नवं सगळं माफ!"

शिरूर तालुक्यातल्या केंदूर, पाबळ, कान्हूर मेसाई या पट्ट्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकून गप्प बसवत नाही. कधी ते शेतकऱ्याच्या तोंडी असतं, कधी कार्यकर्त्याच्या. एखाद्या सत्काराच्या भाषणात तर ते टाळ्यांसह येतं. वाक्य छोटं आहे, पण त्यात तीन चुका आहेत. कायदा झालेला नाही. जुनं माफ झालेलं नाही. आणि जे माफ झालंय, तेही सगळ्यांना नाही.

झालंय ते असं. २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पीय भाषणात घोषणा झाली आणि २५ जुलै २०२४ ला ऊर्जा विभागाने 'मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना २०२४'चा शासन निर्णय काढला. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशी पाच वर्षं मोफत वीज. तीन वर्षांनी आढावा आणि पुढचं त्यावर ठरणार, हेही त्याच निर्णयात आहे. राज्यातले सुमारे ४४ लाख शेतकरी यात बसतात. त्यासाठी सरकार महावितरणला वर्षाला १४,७६० कोटी रुपये देणार, असा हिशोब मांडलेला आहे.

हा शासन निर्णय आहे, ज्याला आपण जीआर म्हणतो. कायदा करायचा तर विधेयक मांडावं लागतं, दोन्ही सभागृहांत ते मंजूर व्हावं लागतं, त्यावर सही व्हावी लागते. तो रद्द करायचा तरी पुन्हा सभागृहातच यावं लागतं. जीआर मंत्रालयातून निघतो आणि दुसरा जीआर काढून मंत्रालयातूनच बदलता येतो. ज्यांना हा फरक कागदी वाटतो, त्यांनी २००४ आठवावं. त्या वर्षी विधानसभा निवडणुकीआधी शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली, शून्य रकमेची बिलं घरोघरी आली. निवडणूक झाली, सरकार त्याच आघाडीचं आलं, आणि २००५ मध्ये सवलत बंद झाली. कायदा असता तर तो बदलायला सभागृहात उभं राहून कारण द्यावं लागलं असतं. तेव्हा तशी वेळच आली नाही.

म्हणून 'कायदा केला' असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कोणत्या अधिवेशनात? विधेयकाचा क्रमांक काय? उत्तर येत नाही, कारण तसं विधेयकच नाही. या योजनेमागे कायदा आहे, पण तो संसदेचा, विद्युत अधिनियम २००३. त्याचं कलम ६५ सांगतं की राज्य सरकारला एखाद्या वर्गाला स्वस्त किंवा फुकट वीज द्यायची असेल तर खुशाल द्यावी, मात्र त्या सवलतीचे पैसे वितरण कंपनीला आगाऊ द्यावेत. पैसे मिळाले नाहीत तर सरकारचा तो आदेश लागू राहत नाही. म्हणजे आपल्या शून्य बिलाचं आयुष्य दरवर्षीच्या अर्थसंकल्पात त्यासाठी ठेवलेल्या तरतुदीवर अवलंबून आहे. आमदाराला विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे: यंदा तरतूद किती झाली आणि महावितरणला प्रत्यक्ष किती पोचली?

आता 'जुनं माफ' याकडे वळू, कारण खरं नुकसान इथे होतंय. योजना एप्रिल २०२४ पासूनच्या चालू बिलाची आहे. मार्च २०२४ अखेरची थकबाकी या योजनेने माफ केलेली नाही. बिलावर चालू रकमेचा हिशोब आणि मागची थकबाकी या दोन वेगळ्या गोष्टी असतात. लोक चालू रकमेचं शून्य पाहतात आणि बिल घडी घालून ठेवतात. पण त्या थकबाकीच्या ओळीला कायद्यात मोठा अर्थ आहे. कलम ५६ (२) प्रमाणे एखादी रक्कम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही, मात्र ती सतत थकबाकी म्हणून दाखवली जात असेल तर ही मुदत लागू होत नाही. 'इतकी वर्षं कुणी मागितलं नाही, म्हणजे बुडालं' ही समजूत इथेच कोसळते. आणि थकबाकी माणसाबरोबर संपत नाही. जोडणी ज्यांच्या नावावर होती ते गेले, वाटण्या झाल्या, की तो बोजा वारसांकडे येतो. ज्या भावाच्या वाट्याला विहीर आली, त्याला हे मोटार नावावर करून घ्यायला गेल्यावर कळतं. घरातल्यांनी हे वाटणीआधी बोलून घेतलं पाहिजे, नंतर ते भांडणाचं मूळ होतं.

गोंधळ कुठून आला तेही सांगायला हवं, कारण लोक काही मूर्ख नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये कृषिपंप वीज जोडणी धोरण आलं होतं. त्यात थकबाकीत खरोखरच मोठी सूट होती. व्याज आणि दंड वजा करून जी सुधारित थकबाकी उरेल तिच्यात पहिल्या वर्षी भरणाऱ्याला ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षी २० टक्के सवलत. वसुलीतला ३३ टक्के वाटा त्याच ग्रामपंचायतीच्या हद्दीत आणि ३३ टक्के त्याच जिल्ह्यात वीजयंत्रणेच्या कामांसाठी खर्च व्हायचा होता. ही सूट भरणाऱ्यांसाठी होती आणि तिची मुदत मार्च २०२४ ला संपली. लगेच एप्रिलपासून मोफत योजनेचा काळ सुरू झाला. दोन्ही गोष्टी लोकांच्या डोक्यात एक झाल्या, आणि ज्यांनी त्या वेगळ्या करून सांगायच्या त्यांनी सोयीने सांगितल्या नाहीत. याचा मला राग आहे. निवडून आलेल्या माणसाने आपल्या गावाला अर्धं वाक्य सांगणं हा लोकांच्या विश्वासाचा गैरवापर आहे.

तिसरी चूक अश्वशक्तीची. दहाची मोटार असेल तर ही योजना लागू नाही. केंदूरकडे पाणी खोल गेलंय. थिटेवाडीच्या तलावात पाणी असेल तोवर वेळ नदीकाठी ठीक चालतं, एरवी बोअरमधून उपसण्यासाठी मोठ्या मोटारी बसवल्या जातात. ज्याला पाणी जास्त खोलवरून काढावं लागतं तो योजनेबाहेर पडतो. कोरडवाहू पट्ट्याची ही खरी तक्रार आहे, ती विधानसभेत मांडण्यासारखी आहे, आणि 'सगळं माफ' म्हणत राहिलो तर ती कधीच मांडली जाणार नाही.

आणखी एक मोठा गैरसमज म्हणजे विजेचा दर आमदार किंवा मंत्री ठरवतात. नाही ठरवत. दर ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, जो १९९९ पासून अस्तित्वात आहे. महावितरण त्याच्यापुढे याचिका करतं, जाहीर सूचना निघते, हरकती मागवतात, सुनावणी होते. २८ मार्च २०२५ ला आयोगाने नवा दर आदेश दिला. महावितरणने फेरविचार याचिका करणार असल्याचं सांगितलं आणि २ एप्रिलला आयोगानेच आपल्या आदेशाला स्थगिती दिली. इतकी उलथापालथ झाली, पण यात विधानसभेत मतदान कुठेच नव्हतं. या सुनावणीत हरकत घ्यायला वकील लागत नाही, कुणीही ग्राहक लेखी म्हणणं देऊ शकतो. पुण्याचा प्रयास ऊर्जा गट वर्षानुवर्षं तिथे आकडेवारीसह बोलतोय. शिरूरच्या एखाद्या ग्रामपंचायतीने ठराव करून हरकत पाठवली तर तीही नोंदली जाईल.

मग आमदाराच्या हातात काही नाही का? पुष्कळ आहे. वीज हा समवर्ती सूचीतला विषय आहे, राज्यालाही त्यावर कायदे करता येतात. आपल्या घरच्या बिलावर 'वीज शुल्क' अशी एक ओळ असते. ते शुल्क महाराष्ट्र विद्युत शुल्क अधिनियम, २०१६ खाली आकारलं जातं आणि घरगुती ग्राहकाला ते १६ टक्के आहे. हा मात्र आपल्या विधिमंडळाने केलेला कायदा आहे. बिलातली ही ओळ आमदारांच्या मतावर उभी आहे, आणि तिच्याबद्दल एकाही सभेत प्रश्न आलेला मी ऐकला नाही. त्याखेरीज ऊर्जा विभागाच्या मागण्यांवर सभागृहात चर्चा होते, पुरवणी मागण्या मंजूर होतात, तारांकित प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी लावता येते. रोहित्रं आणि वाहिन्यांच्या कामांना जिल्हा नियोजन समितीतून निधी मिळवता येतो. शिरूर तालुका दोन विधानसभा मतदारसंघांत वाटला गेलाय, ३९ गावं आंबेगावला जोडलेली आहेत. म्हणजे तालुक्याला दोन आमदार आहेत. दोघांनी सभागृहात विजेवर काय विचारलं, हे विधिमंडळाच्या कामकाजात छापलेलं असतं. गावातल्या फलकापेक्षा ते वाचावं.

'शेतकऱ्याला फुकट म्हणजे कुणालाच भरावं लागत नाही' असंही समजलं जातं. सरकारी अनुदानाचे पैसे करातून येतातच. शिवाय शेतीचा दर कमी ठेवण्यासाठी उद्योगांच्या दरावर भार टाकला जातो. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूरचे कारखाने महाग वीज घेतात, आणि त्याच कारखान्यांत आपली मुलं कामाला जातात.

दिवसाच्या विजेबद्दल मात्र सावकाश बोललं पाहिजे. शेतीला आठवड्याच्या फेरीने दिवसा आठ तास किंवा रात्री आठ ते दहा तास थ्री फेज मिळते. 'रात्री पाणी धरायला काय होतं, आजोबा-पणजोबा धरत नव्हते का' असं शहरात बसून म्हणणारे भेटतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्याच पिंपरखेड आणि जांबूतमध्ये काही आठवड्यांत बिबट्याने तीन जीव घेतले, त्यात दोन लेकरं होती. उसाच्या कडेने रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाला दिवसाची लाईट हवी असते ती जिवासाठी.

त्यावरचा उपाय म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आहे, २०२३ पासून. तिच्याभोवतीही अफवा आहेत. 'जमीन दिली की गेली' ही त्यातली पहिली. जमीन भाडेपट्ट्याने जाते, सातबारा मालकाचाच राहतो. भाडं हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. 'सूर्य मावळला की गावात अंधार' हेही खोटं. प्रकल्पाची वीज उपकेंद्रात येते, ते उपकेंद्र एरवीसारखं ग्रिडला जोडलेलंच असतं. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत असा प्रकल्प होतो तिला वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षं रक्कम मिळण्याची तरतूद आहे. ती मिळाली का, कशावर खर्च झाली, हे ग्रामसभेत विचारायला हवं.

'सोलरच्या पाट्यांनी पाऊस पळतो.' हेही खोटं. सातारा-सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या आल्या तेव्हाही हेच म्हटलं गेलं होतं. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम उभा केला, त्या परिसरात तरी हे ऐकायला मिळू नये.

'सौर पंप घेतला तर त्याचंही बिल येतं.' सौर पंपाला बिलच नसतं. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे, आणि पंपाची क्षमता जमिनीच्या क्षेत्रावर ठरते.

'केंद्राचा नवा कायदा आला, मोफत वीज बंद.' विद्युत अधिनियमाचं २०२२ चं दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं आणि कायदा न होताच ती लोकसभा संपली.

'महावितरण विकली.' विकलेली नाही, ती राज्य सरकारच्या मालकीची कंपनी आहे. मीटर बसवायचं कंत्राट खासगी कंपन्यांना दिलंय, ती वेगळी गोष्ट आणि वेगळ्या चर्चेची गोष्ट.

'बिल शून्य आहे, म्हणून डीपी जळाली तर तक्रार करायचा हक्क नाही.' हा गैरसमज मला सर्वांत जास्त खुपतो, कारण तो ऐकून लोक वर्गणी काढतात आणि स्वतःच ट्रॅक्टरवर रोहित्र वाहून नेतात. ग्राहक हा ग्राहकच असतो, त्याचं बिल सरकारने भरलं तरी. ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदलणं हे आयोगाने वितरण कंपनीला घालून दिलेलं बंधन आहे, आणि मानक पाळलं नाही तर भरपाईची तरतूद विद्युत अधिनियमाच्या कलम ५७ मध्ये आहे. १९१२ वर तक्रार नोंदवा, क्रमांक लिहून ठेवा. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. वीज तोडायची तर १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, ती न देता वायरमनने फ्यूज काढला तर तीही तक्रार तिथेच करता येते.