विश्रामावस्था, कोशिकेची

कोशिकेने (सजीवाच्या शरीरातील सूक्ष्म घटकाने) विभाजनाचे चक्र सोडून, परंतु जिवंत व कार्यक्षम राहून व्यतीत केलेल्या कालखंडास विश्रामावस्था किंवा जी-शून्य अवस्था म्हणतात. पूर्वी दोन समविभाजनांमधील सर्वच काळाला हे नाव होते. कारण त्या काळात सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे (आनुवंशिक लक्षणे वाहून नेणारे घटक) स्पष्ट दिसत नसत. १९५३ मध्ये ए. हॉवर्ड व एस. आर. पेल्क यांनी किरणोत्सर्गी फॉस्फरसाच्या साहाय्याने, बाकल्याच्या मुळांतील कोशिकांत डीएनए या काळाच्या ठरावीक भागातच तयार होते, असे दाखविले. त्यावरून जी-१, एस व जी-२ असे भाग कल्पिले गेले. चक्राबाहेरील खऱ्या विश्रामाची कल्पना एल. जी. लायता यांनी १९६३ मध्ये मांडली.

वृद्धिकारक द्रव्यांचा अभाव किंवा शेजारील कोशिकांची दाटी यांमुळे कोशिका जी-१ मधून विश्रामावस्थेत जाते. तेथे ती निष्क्रिय नसते. यकृताच्या कोशिका पित्त व प्रथिने बनवीत असतात; उंदराच्या यकृताचा दोनतृतीयांश भाग काढल्यास त्या पुन्हा विभागू लागतात आणि सुमारे एक ते दीड आठवड्यात यकृत जवळजवळ पूर्ववत होते. रक्तातील लसीका कोशिकांना राजम्यापासून मिळणाऱ्या द्रव्याने जागृत करता येते, असे पी. सी. नॉवेल यांना १९६० मध्ये आढळले; गुणसूत्रांची तपासणी यामुळे सुलभ झाली. प्रौढ तंत्रिका कोशिका (मज्जापेशी) मात्र सहसा चक्रात परतत नाहीत.

वनस्पतींतही असा विराम आढळतो. बहुतेक शुष्क बीजांतील गर्भाच्या कोशिका मुख्यतः जी-१ मध्ये थांबलेल्या असतात. बुलढाणा जिल्ह्यातील काळ्या जमिनीत पेरलेल्या सरकीला पावसाचे पाणी मिळाले की, बीजगर्भात श्वसन वाढते, डीएनएची दुरुस्ती होते व नंतर विभाजन सुरू होते. याच जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या अल्कधर्मी पाण्यात (पीएच मूल्य सुमारे १०) बॅसिलस प्रजातीचे जंतू आढळतात. प्रतिकूल स्थितीत या प्रजातीतील जंतू बनवितात ती अंतर्बीजुके ही वेगळी सुप्तावस्था होय. तीत जीवनक्रिया जवळजवळ थांबतात.

वैद्यकात या अवस्थेला मोठे महत्त्व आहे. कर्करोगावरील अनेक औषधे डीएनए तयार करणाऱ्या किंवा विभागणाऱ्या कोशिकांवरच परिणाम करतात. विश्रामातील अर्बुद-कोशिका त्यांतून वाचतात व कधीकधी अनेक वर्षांनी रोग उलटतो. उलट, अस्थिमज्जेतील निरोगी मूळ कोशिका याच विश्रामामुळे बचावून उपचारानंतर नवे रक्त निर्माण करतात. म्हणून विश्रामातील रोगट कोशिकांनाच ओळखून नष्ट करणे, हा संशोधनाचा महत्त्वाचा विषय ठरला आहे.